सायकल आणि मोटार यांमधील रेषा

रस्त्यावर एखादे नवे वाहन अवतरले, की कायदा त्याला प्रथम त्याचे कूळ विचारतो. बैलगाडीच्या कुळातले असेल तर त्याला एक नियम, सायकलीच्या कुळातले असेल तर दुसरा, आणि मोटारीच्या कुळातले असेल तर तिसरा. बहुतेक वाहनांना या प्रश्नाचे उत्तर देणे जड जात नाही. परंतु मधूनमधून असे एखादे वाहन येते, की ज्याच्या अंगी दोन्ही कुळांची लक्षणे दिसतात. विजेवर चालणारी दुचाकी हे असे वाहन आहे. तिला सायकलीची साधी दोन चाके असतात, कधी पायडलेही असतात. आणि मूठ पिळताच आपल्या बळावर धावण्याची मोटारसायकलीची शक्तीही असते.

भारतातील कोणत्याही मोठ्या शहराच्या चौकात अशा दोन दुचाक्या शेजारीशेजारी उभ्या राहिलेल्या आढळतात. रूपाने त्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात. तथापि एकीच्या पाठीवर हिरव्या रंगाची क्रमांकाची पाटी असते, तिच्या मालकाजवळ नोंदणीपत्र, विमा आणि चालकपरवाना असावा लागतो, आणि डोक्यावर हेल्मेट नसेल तर त्याला दंड होतो. दुसरीला पाटीच नसते. तिच्या स्वाराकडे यांपैकी कोणताही कागद कोणी मागत नाही. या दोघींच्या मधून कायद्याने एक रेषा ओढलेली आहे. ही रेषा नेमकी कोठे आहे, ती तेथे कशी आली आणि तिच्या अलीकडे वा पलीकडे असण्याने माणसाच्या पदरात काय पडते, हे समजून घ्यावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८६५ साली वाफेच्या गाड्यांसंबंधी एक कायदा केला. यंत्रबळाने रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने खेड्यापाड्यांतून ताशी ४ मैल आणि शहरातून ताशी २ मैल यांहून अधिक वेगाने जाऊ नये, गाडीबरोबर निदान तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने हातात तांबडे निशाण घेऊन गाडीपुढे ६० यार्डांवर पायी चालावे, असे त्यात सांगितले होते. आज हा नियम वाचताना हसू येते. परंतु त्या काळच्या वाफेच्या गाड्या अवजड होत्या, त्यांच्या आवाजाने घोडे बुजत, रस्ते उखडत. ते ओझे आणि तो धोका ध्यानी घेऊन कायदा झाला होता. पुढे हलक्या मोटारगाड्या तयार होऊ लागल्या, तेव्हा त्याच कायद्याने त्यांनाही निशाणवाल्याच्या गतीने चालावे लागण्याची पाळी आली. तेव्हा १८९६ साली नवा कायदा झाला. त्याने ३ टनांहून हलक्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग पाडला आणि त्यांना ताशी १४ मैलांपर्यंत मोकळीक दिली. खात्याने नियम करताना ती मर्यादा १२ मैलांवर आणली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची जी मिरवणूक निघाली, ती या सुटकेच्या आनंदाची होती. वजनाचा आणि वेगाचा आकडा ठरवून हलक्या वाहनाला जड वाहनाच्या बेडीतून मोकळे करावयाचे, ही युक्ती कायद्याला येथे सापडली. विजेच्या दुचाकीला आज लागू असलेला नियम हा याच युक्तीचा वंशज होय.

सायकलीची कथा याच्या उलट दिशेने गेली. प्रारंभी तिला कोणताच कायदा लागू नव्हता. घोडागाड्यांसाठी १८३५ मध्ये केलेल्या कायद्यात सायकलीचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. १८७९ मध्ये बेफाम सायकल हाकल्याचा एक खटला इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी सायकल हीही त्या कायद्याच्या अर्थाने एक गाडीच आहे, असा निर्णय दिला. १८८८ च्या कायद्याने त्या निर्णयाला विधिवत् रूप दिले. सायकलस्वाराने रात्री दिवा लावावा, दुसऱ्याला ओलांडून जाताना घंटी वाजवावी, ही बंधने आली. आणि त्याबरोबर इतर गाड्यांच्या बरोबरीने रस्त्यावर चालण्याचा हक्कही आला. कर्तव्य आणि हक्क एकाच दिवशी पदरात पडावे, हे कायद्याच्या इतिहासात वारंवार घडते. पुढे १९०३ मध्ये मोटारींना क्रमांक, नोंदणी आणि चालकाला परवाना आवश्यक झाला. पाच शिलिंग भरले की परवाना मिळे. परीक्षा द्यावी लागत नसे. सक्तीची परीक्षा यावयास १९३५ साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानात मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. संपूर्ण देशासाठी मोटारवाहनांचा पहिला कायदा १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९ चा अधिक विस्तृत कायदा आला आणि तो जवळजवळ अर्धशतक चालला. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला व अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. या कायद्यांतील मोटारवाहनाची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. रस्त्यावर वापरण्यास योग्य असे यंत्रबळाने चालणारे कोणतेही वाहन, मग त्याला शक्ती आतून मिळो वा बाहेरून, हे मोटारवाहन होय, असा तिचा आशय आहे. पेट्रोलचे तिथे नावही नाही. म्हणजे वीज मोटारवाहनांच्या कायद्याबाहेर आहे आणि नंतर कोणी तिला आत ओढले, ही समजूत चुकीची आहे. विजेची दुचाकी मुळात कायद्याच्या आतच होती. तिच्यापैकी काहींना पुढे बाहेर जाण्याची मुभा मिळाली.

या कायद्यांनी मोटारीवर बंधने घातली ती नुसत्या शिस्तीसाठी नव्हेत. १९३९ च्या कायद्यात तिऱ्हाइताच्या विम्याची तरतूद होती आणि ती १ जुलै १९४६ पासून देशात सक्तीची झाली. मोटारीच्या धडकेने जायबंदी झालेल्या माणसाला भरपाई मिळावी, मोटारवाल्याच्या खिशात पैसे आहेत की नाहीत यावर ती अवलंबून राहू नये, हा तिचा हेतू. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय केली. दिवाणी दाव्यांच्या लांबलचक वाटेने न जाता अपघातग्रस्ताला वा त्याच्या वारसांना तेथे दाद मागता येऊ लागली. नोंदणीची पाटी, परवाना आणि विमा ही तीन कडी एकमेकांत अडकवलेली आहेत, ती यासाठी. पाटीवरून वाहन ओळखावयाचे, परवान्यावरून चालक ओळखावयाचा आणि विम्यातून जखमीचे नुकसान भरून काढावयाचे.

सायकल या सर्व व्यवस्थेच्या बाहेर राहिली. तिचे नियम स्थानिक होते. आपल्याकडे अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला, अथवा मागे कोणाला बसवून डबलसीट नेले, की पोलिसाची शिट्टी वाजे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात हा अनुभव घराघराच्या परिचयाचा होता. पण सायकलस्वाराकडे परवाना किंवा विमा कधी कोणी मागितला नाही. कारण उघड होते. सायकलीला माणसाच्या पायांचेच बळ. निरोगी माणूस सतत पायडल मारून साधारण शंभर वॉट शक्ती देऊ शकतो. एवढ्या शक्तीने होणारी इजा मर्यादितच राहावयाची, असा कायद्याचा हिशेब होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या हिशेबाला पहिला धक्का बसला. युरोपात पेट्रोल महाग, मोटारी दुर्मिळ आणि माणसांना कामावर जाण्याची निकड. तेव्हा साध्या सायकलीला बसवावयाची चिमुकली इंजिने निघाली. १९५२ साली स्वीडनमध्ये मोटर आणि पेडल या दोन शब्दांची सांधेजोड करून मोपेड हा शब्द तयार झाला, आणि त्याच वर्षी तेथील कायद्याने या नव्या वाहनासाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केला. भारतात १९७२ मध्ये लूना आली आणि मोपेड हे मध्यमवर्गाचे वाहन झाले. शाळामास्तर, दूधवाले, कॉलेजात जाणाऱ्या मुली आणि निवृत्त कारकून अशा कितीतरी माणसांना तिने सायकलीच्या श्रमातून सोडविले. कायद्यानेही तिच्या बाबतीत थोडे ममत्व दाखविले. मोटारवाहन चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परंतु १९८८ च्या कायद्याने गिअर नसलेल्या दुचाकीसाठी १६ वर्षांची सवलत ठेवली, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती केली. त्याच कायद्यात चारांहून कमी चाकांचे आणि २५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन तर मोटारवाहनाच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे.

पण येथे एक अडचण दडलेली होती. ही सारी मोजमापे घनसेंटीमीटरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातील पोकळीची आहेत. विजेच्या मोटरीला असे पोटच नसते. तिच्या बाबतीत घनसेंटीमीटर विचारणे म्हणजे दूध गजाने मोजण्यासारखे आहे. त्यामुळे विजेच्या दुचाकीसाठी कायद्याला नवे माप शोधणे भाग पडले.

विजेची दुचाकी ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याला मागच्या चाकात मोटर बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या अखेरच्या दिवशी मिळाले होते. कल्पना होती, जवळ बाळगता येईल अशी हलकी बॅटरी नव्हती. जड शिशाच्या बॅटऱ्यांनी ती सुमारे शंभर वर्षे दाबून ठेवली. १९९३ मध्ये जपानमधील यामाहा कंपनीने स्वाराने पायडल मारले तरच साहाय्य करणारी विद्युत् सायकल बाजारात आणली. हे साहाय्य करणारे यंत्र स्वाराच्या पायांचा जोर ओळखते आणि आपला जोर त्यात मिळविते. पाय थांबले की तेही थांबते. मालक आणि मदतनीस यांचे नाते जणू त्याने स्वीकारले. यंत्राच्या या विनयामुळेच कायद्याला त्याला सायकल म्हणणे सोपे गेले.

त्यानंतर निरनिराळ्या देशांनी आपापल्या रेषा आखल्या. ब्रिटनने १९८३ मध्येच २०० वॉट, ताशी १५ मैल आणि स्वाराचे किमान वय १४ वर्षे अशी सीमा ठरविली होती. युरोपीय संघाने २००२ साली २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हे माप ठरविले; पाय थांबताच किंवा तो वेग गाठताच मोटरीचे साहाय्य तुटावे, ही अट घातली. अमेरिकेने त्याच वर्षी ७५० वॉट आणि ताशी २० मैल अशी अधिक सैल मर्यादा स्वीकारली. चीनचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. तेथील १९९९ च्या मानकात ताशी २० किलोमीटर वेग आणि ४० किलो वजन अशी मर्यादा होती. परंतु बाजाराने ती जुमानली नाही. अधिक जड, अधिक वेगवान दुचाक्या सायकल या नावाखाली विकल्या गेल्या आणि रस्ते त्यांनी भरून गेले. अखेर नवे मानक करून १५ एप्रिल २०१९ पासून ताशी २५ किलोमीटर आणि ५५ किलो ही मर्यादा लागू करावी लागली. कागदावरची रेषा आणि रस्त्यावरची रेषा यांत अंतर पडले, तर पुढे किती निस्तरावे लागते याचा हा धडा होय.

भारताने आपली रेषा २००५ साली केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून आखली. विजेवर चालणारे वाहन म्हणजे काय, हे त्या नियमांत सांगितले असून कोणत्या दुचाकीस मोटारवाहन समजू नये हेही तेथेच नमूद केले आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे त्याच्या मुख्य कसोट्या तीन आहेत. पहिली शक्तीची : मोटरीची अर्धा तास टिकणारी शक्ती २५० वॉटहून कमी असावी. दुसरी वेगाची : वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असावा. तिसरी वजनाची : बॅटरी वगळून वाहनाचे वजन ६० किलोहून अधिक नसावे. याशिवाय योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा व मागे तांबडा असे प्रकाश परावर्तित करणारे तुकडे हवेत. पायडलाच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीच्या बाबतीत मोटरीचा जोर क्रमाने कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरवर, अथवा पाय थांबताच, पूर्णपणे बंद झाला पाहिजे. या कसोट्या एकत्रित आहेत. एकीला उतरले आणि दुसरीला नाही, असे वाहन सायकलीच्या कुळात बसत नाही.

हे आकडे मनमानी वाटू नयेत. २५० वॉट म्हणजे सुमारे एकतृतीयांश अश्वशक्ती; तगड्या सायकलपटूने थोडा वेळ जोर लावल्यास जेवढे बळ निघेल तेवढेच. ताशी २५ किलोमीटर म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७ मीटर. समोर मूल आडवे आले, तर ते दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात हे वाहन एका मोठ्या खोलीची लांबी ओलांडते. तेच वाहन ताशी ४५ किलोमीटरने जात असेल तर साडेबारा मीटर पुढे गेलेले असते; आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे धडक तिपटीहून अधिक जबर बसते. त्या आकड्यांपाठीमागे पायी चालणाऱ्या माणसाचा जीव उभा आहे.

जी दुचाकी या कसोट्यांपैकी एकही ओलांडते, तिला मोटारसायकलीची सर्व बंधने लागू होतात. तिची नोंदणी करावी लागते, तिऱ्हाइताचा विमा उतरवावा लागतो, चालकाला परवाना काढावा लागतो. स्वार आणि मागे बसणारा या दोघांनीही हेल्मेट घालावयाचे. पगडी बांधणाऱ्या शीख नागरिकांना मात्र यातून सूट आहे. मागे एकाहून अधिक माणसे बसवावयाची नाहीत. २०१८ पासून विजेच्या वाहनांना हिरव्या पाटीची खूण देण्यात आली. खाजगी वाहनाची अक्षरे पांढरी आणि भाड्याच्या वाहनाची पिवळी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या वाहनांच्या नोंदणीपत्राचे शुल्कही माफ केले. म्हणजे शुल्क गेले, नोंदणीचे कर्तव्य राहिले. या दोन गोष्टींची गल्लत अनेकदा होते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१९ च्या एप्रिलपासून केंद्र सरकारने विजेच्या दुचाक्यांना जे अर्थसाहाय्य दिले, त्यासाठी निदान ताशी ४० किलोमीटर वेग आणि एकदा भारित केल्यावर ८० किलोमीटर पल्ला अशा अटी होत्या. म्हणजे ज्या दुचाकीला कायद्याने बंधनांतून मोकळे केले, तिला तिजोरीतून मदत मिळाली नाही. आणि जिला मदत मिळाली, तिने बंधने स्वीकारावयाची होती. शासनाच्या दृष्टीने भविष्य वेगवान व नोंदणीकृत दुचाकीचे होते. मंद दुचाकी ही फक्त एक सवलत होती. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दुचाकी-टॅक्सीचे नियम केले, तेव्हाही ती विजेवरचीच असावी अशी अट घातली. भाड्याने माणूस नेणारे हे वाहन अर्थातच पूर्ण नोंदणीच्या कक्षेतले आहे.

आणि याच सवलतीच्या आडोशाने आजचा गोंधळ वाढला आहे. परवाना नको, नोंदणी नको, विमा नको, ही त्रिसूत्री विक्रेत्याच्या हाती फार मोलाची ठरली. ज्यांना परवाना काढण्याइतके वय नाही, जे शहरात नवे आहेत, ज्यांना घरोघर माल पोचवून दिवसाची मजुरी मिळवावयाची आहे, अशा माणसांना ती विशेष भुरळ घालते. येथपर्यंत गैर काही नाही. खरोखरच मंद असलेली दुचाकी घेणे हा त्यांचा हक्क आहे. परंतु अनेक वाहनांत वेगाला घातलेला लगाम एखादी तार सोडवून किंवा नियंत्रक पेटी बदलून सैल करता येतो. चाचणीच्या दिवशी ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली दुचाकी विकताना वा विकल्यानंतर ताशी ४०-५० किलोमीटरवर नेली जाते. अशा फेरफारांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये राज्यभर तपासणीची मोहीम हाती घेतली होती. मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा फेरफाराला कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड ठेवला आहे.

दंडाहून मोठी गोष्ट अपघातानंतर उघडकीस येते. तार सोडविली त्या क्षणी ते वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल उरत नाही. ते मोटारवाहन होते. तेही नोंदणी नसलेले, विमा नसलेले आणि कित्येकदा परवाना नसलेल्या माणसाच्या हातचे. त्याच्या धडकेने कोणी जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण भरपाई ठरवील. पण ती देण्यास मागे विमा कंपनी उभी नसते. सारा बोजा मालकाच्या शिरावर येतो. महिन्याच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला तो जन्मभर फेडता यावयाचा नाही. आणि समोर अंथरुणाला खिळलेल्या जखमीला तेवढी वाट पाहता यावयाची नाही. एका सोडविलेल्या तारेने दोन घरे उघडी पडतात. स्वार अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा असून त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हौसेखातर दुचाकी घेणाऱ्या आईबापांना हे दुकानात कोणी सांगत नाही.

जी दुचाकी खरोखरच मंद आहे, तिच्या बाबतीतही प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. ती मोटारवाहन नसल्यामुळे तिच्यापासून इजा झालेल्या माणसाला मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार उघडे नाही. त्याला साध्या दिवाणी दाव्याची जुनी वाट धरावी लागते. १९४६ आणि १९५६ साली पादचाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते या एका रेषेपाशी थांबते. सायकलींच्या काळात याचे कोणाला फारसे वाटले नाही, कारण सायकलीची धडक क्वचितच प्राणघातक होई. पण ६० किलोचा सांगाडा, वर बॅटरी, वर स्वार आणि त्याच्या पाठीवर मालाची पेटी असे वाहन फुटपाथलगत धावू लागले, म्हणजे जुना हिशेब पुन्हा मांडावा लागेल. यावर अंतिम उत्तर संसदेने द्यावयाचे आहे.

मात्र एक गोष्ट आजही स्पष्ट आहे. मोटारवाहन कायद्यातून सुटका म्हणजे सर्व कायद्यांतून सुटका नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २७९ वे कलम बेदरकारपणे वाहन हाकण्यास शिक्षा सांगत असे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात तीच तरतूद आहे. त्यात शब्द आहे तो कोणत्याही वाहनाचा, मोटारवाहनाचा नव्हे. बैलगाडी, टांगा, सायकल आणि विजेची मंद दुचाकी ही सर्व त्यात येतात. पाटी नसलेल्या दुचाकीवर बसून उलट दिशेने जाणाऱ्या, तांबडा दिवा ओलांडणाऱ्या स्वाराने कोणाचा जीव धोक्यात घातला, तर त्याला या कलमापुढे परवान्याची सबब सांगता येत नाही.

सामान्य ग्राहकाने या साऱ्या इतिहासातून काय घ्यावे? नियमांनुसार दुचाकीची शक्ती, वेग आणि वजन यांची तपासणी मान्यताप्राप्त संस्थांकडून व्हावी लागते. पुण्यातील १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा प्रमुख संस्थांपैकी एक. परवाना नको असे सांगून विकल्या जाणाऱ्या दुचाकीसाठी असे प्रमाणपत्र दाखविण्याची मागणी ग्राहकाने अवश्य करावी, त्यावरील नमुन्याचे नाव आणि समोरच्या वाहनाचे नाव एकच आहे की नाही ते पाहावे, आणि लगाम सैल करून देण्याची ऑफर आली तर ती नाकारावी. हेल्मेटची सक्ती मंद दुचाकीला नाही. पण डोक्याला रस्त्याची कठीणता नियमाप्रमाणे कमीजास्त लागत नाही, हे लक्षात ठेवून ते घालावे.

तांबडे निशाण घेऊन गाडीपुढे चालणारा माणूस १८९६ मध्ये इतिहासजमा झाला. त्याच्याऐवजी कायद्याने आकडे नेमले. माणूस दिसत असे, त्याला ओलांडून जाण्याची लाज वाटे. आकडा दिसत नाही, म्हणून त्याला ओलांडणे सोपे झाले आहे. २५० वॉट, ताशी २५ किलोमीटर आणि ६० किलो हे आकडे उद्या बदलतीलही. यापूर्वी ते अनेक देशांत अनेकदा बदलले. पण मंद वाहनाला दिलेली मोकळीक ते मंद राहील या विश्वासावर दिलेली आहे, ही गोष्ट बदलण्यासारखी नाही. तो विश्वास मोडला, तर पुढच्या दुरुस्तीत ती मोकळीकच जाईल; आणि तिची झळ पोचेल ती परवान्याचे पैसे, वेळ वा वय ज्यांच्याजवळ नाही, अशा प्रामाणिक स्वारांना.